शेजलय

शर्वाणीचं दुसरं लग्न लागलं तेव्हा ती वांगी चिरत होती.

सकाळची वेळ. कृष्णा आणि वेण्णा जिथं मिळतात त्या संगमावरचं धुकं घाटाच्या पायऱ्या चढून थेट अंगणात आलं होतं, आणि देवळाचं शिखर त्यात निम्मं विरघळलं होतं. ओट्यावरचा फोन गोड आवाजात म्हणाला, "अभिनंदन! आपली व श्री. विहंग मेढेकर यांची शेजलय नोंदली गेली आहे. सहजीवन कायद्यानुसार आजपासून आपण दांपत्य आहात. नांदा सौख्यभरे." मागून सनईचा एक तुकडाही वाजला.

"आई, कुणाचं लग्न?" बुटाची पट्टी ओढता ओढता मिहिकानं विचारलं. ती नऊ वर्षांची होती आणि लग्न म्हटलं की तिला जिलबी आठवत असे.

"कुणाचं नाही. चुकून आलाय निरोप. दूध पी."

तेवढ्यात बाहेरच्या जिन्यावर धाडधाड पावलं वाजली आणि विहंग दारात उभा राहिला. अर्ध्या गालाला साबण, हातात फोन.

"शर्वाणी, हे काय गं? मी वर झोपतो, तू खाली झोपतेस. मधे चांगला सहा इंचांचा स्लॅब आहे!"

"सरकारला स्लॅब दिसत नसेल."

तो हसला, पण तिचा चेहरा पाहून त्याचं हसू गालावरच्या साबणातच जिरलं. कारण या निरोपाची दुसरी प्रत कुणाकडं गेली असेल, ते दोघांनाही ठाऊक होतं. ती गेली होती प्रणितकडं, मिहिकाच्या बाबाकडं.

आता ही शेजलय म्हणजे काय, ते सांगायला हवं.

माणसाचं हृदय घड्याळासारखं टिकटिक करत नाही. श्वास घेतला की ते जरा घाई करतं, सोडला की जरा रेंगाळतं. गाढ झोपेत या घाईच्या आणि रेंगाळण्याच्या लांबलांब लाटा होतात. एका भिंतीवर टांगलेली लंबकाची दोन घड्याळं हळूहळू एका ठेक्यात येतात, तशा दीर्घकाळ जवळ राहिलेल्या दोन माणसांच्या या लाटाही एकमेकींत मिसळतात, असं शास्त्रज्ञांच्या ध्यानात आलं. गंमत अशी, की मग त्या दोघांना वेगवेगळ्या गावी नेऊन झोपवलं तरी काही दिवस लाटा जुळलेल्याच राहतात. नदीतून बाहेर आल्यावरही थोडा वेळ अंगातून पाणी वाहत असल्यासारखं वाटतं ना, तसं. याला नाव पडलं शेजलय.

कायद्याचं मन चांगलं होतं, हेही म्हणायला हवं. लग्नाशिवाय बारा-बारा वर्षं एकत्र राहिलेल्या बाईला एक दिवस पुरुष सोडून जाई, आणि कोर्टात 'मी यांच्यासोबत संसार केला' हे सिद्ध करताना ती बिचारी शेजाऱ्यांच्या साक्षींसाठी दारोदार फिरे. उन्हाच्या त्या जीवघेण्या वर्षांनंतर प्रत्येकाच्या मनगटावर तब्येतीसाठी नाडीपट्टा आलेलाच होता. तेव्हा कायद्यानं ठरवलं, माणसं खोटं बोलतील, पण झोप खोटं बोलणार नाही. एका पत्त्यावर राहणाऱ्या दोन प्रौढांच्या लाटा ठरलेल्या रेषेपलीकडं जुळल्या, की ते दांपत्य. भाऊ-बहीण, आई-मुलगा असली रक्ताची नाती तेवढी यंत्र वगळत असे.

आणि मग माणसं कायद्याकडं पाहून झोपू लागली. ज्यांना बांधून घ्यायचं नव्हतं ते आठवड्यातून एक-दोन रात्री मुद्दाम वेगळे निजत. त्याला गावात शेजएकादशी म्हणत. ज्यांच्या मनात होतं पण हिंमत नव्हती त्यांनी, यंत्रानं लावण्यापेक्षा भटजींनी लावलेलं बरं, म्हणून घाईघाईनं लग्नं केली. काही जण एकमेकांवर इतकं प्रेम करत, की वेगळं निजूनही लाटा जुळत, म्हणून त्यांनी वेगळ्या गावांत बदल्या मागून घेतल्या.

शर्वाणीची गोष्ट आणखी नाजूक होती. प्रणितशी घटस्फोट झाला तेव्हा मिहिका तिला मिळाली. रात्री सगळ्या आईच्या घरी, बाबाला रविवारचा दिवस. पण हुकुमात शेवटी एक ओळ होती: आईच्या घरात नवं दांपत्य नोंदलं गेलं, की मुलीच्या ताब्याचा विचार पुन्हा पहिल्यापासून. म्हणून विहंग आयुष्यात आला तो गच्चीवरच्या खोलीचा भाडेकरू म्हणून, आणि चार वर्षं तसाच राहिला. रात्री खाली जेवायचा, ताटं विसळायचा, मिहिकाचे पाढे घ्यायचा, आणि तिचे डोळे मिटायला लागले की जिना चढून जायचा. दुपारी सोफ्यावर नुसता लवंडायचाही नाही.

निरोप आला त्याच आठवड्यात मिहिकानं विचारलं होतं, "आई, विहंगकाका आपले कोण? शाळेत 'माझं घर' लिहायचंय."

"भाडेकरू," शर्वाणी म्हणाली होती. तिनं वळून पाहिलं तर विहंग भाजीची पिशवी घेऊन उंबऱ्यात उभा. त्यानं पिशवी ओट्यावर ठेवली, "कोथिंबीर ताजी मिळाली," असं म्हणाला, आणि वर निघून गेला.

"आधी एक ऐका," वकील रुबिना मुल्ला म्हणाल्या. "माझ्याशी खोटं बोललात तर मी काम सोडीन. रात्री हे खाली येतात?"

"नाही."

"तुम्ही वर?"

"नाही."

"दुपारी?"

"मॅडम, दुपारी मी पोरांना तबला शिकवतो," विहंग म्हणाला. "त्या आवाजात कुंभकर्णसुद्धा झोपायचा नाही."

ही बैठक भरली होती देवळाच्या सभामंडपात, हृषीकेशबुवांच्या समोर. बुवा तिथले कीर्तनकार. वय पंच्याहत्तरीच्या पुढं, आवाज अजून घाटाच्या पलीकडच्या काठावर जाणारा. विहंग त्यांच्या साथीला तबल्यावर. यंदा पालुपदाला माणूस उरलं नव्हतं, म्हणून आषाढापासून त्यांनी शर्वाणीच्या हातात झांजा देऊन तिला मागं उभं केलं होतं. ती दिवसा बियाणांच्या संशोधन केंद्रात काम करी आणि संध्याकाळी देवळात येऊन उभी राही. कीर्तन सुरू झालं की तिला सगळं जग एका लांब श्वासासारखं वाटे. समया, बुक्क्याचा वास, खांबांना टेकून बसलेली माणसं, सगळं त्या श्वासाबरोबर हलकेच वर जाई आणि खाली येई.

"मग दिवसभरात तुम्ही दोघं मिळून करता तरी काय?" रुबिनाताईंनी वैतागून विचारलं.

"नाम घेतात," बुवा म्हणाले. "आणि मी घ्यायला लावतो."

"बुवा, हे कोर्टात नाही चालायचं."

"न चालायला काय झालं? अहो, मी ओळ टाकतो, ही मागून उचलते. उचलायची तर माझा श्वास कुठं संपतोय ते तिला आधी कळायला हवं. मी श्वास घेतो तिथं ही घेते. ही घेते तिथं हा थाप राखून धरतो. रोज दीड तास, चातुर्मासभर. आता अंगाला वळण लागलं, आणि अंग झोपेतही तेच गुणगुणत राहिलं, तर त्यात अंगाचा काय दोष?"

रुबिनाताई बुवांकडं बघतच राहिल्या. मग त्यांनी हळूच विचारलं, "बुवा, तुमचा नाडीपट्टा जरा द्याल?"

मंडळींनी आपापले पट्टे खुशीनं दिले. रुबिनाताईंनी ओळखीच्या एका झोपतज्ज्ञ डॉक्टरकडून लाटा ताडून घेतल्या आणि निकाल सांगायला त्या स्वतः देवळात आल्या, कारण फोनवर त्यांना हसू आवरत नव्हतं. शर्वाणी आणि विहंग रेषेच्या वर होतेच. पण बुवा आणि त्यांचे पेटीवाले संतोषभाऊ त्याहून कितीतरी वर होते. संतोषभाऊ आणि शर्वाणी, शर्वाणी आणि बुवा, बुवा आणि विहंग, सगळे वर. यंत्राच्या मते अख्खी कीर्तनमंडळी एकमेकांशी लग्न करून बसली होती. आजवर कुणाला कळलं नाही ते एवढ्याचसाठी, की यंत्र फक्त एका पत्त्यावरच्यांना ताडून बघत असे.

संतोषभाऊ लाजून पेटीचा भाता बंद करू लागले.

"सवत पेटी वाजवते हे मला चाळीस वर्षं ठाऊक आहे," प्रसादाची परात घेऊन आलेल्या काकू, म्हणजे बुवांच्या पत्नी, म्हणाल्या. "आज सरकारी शिक्का बसला इतकंच. बरं, माझं आणि ह्यांचं काय आलंय?"

रुबिनाताई घुटमळल्या. "तुमचं... रेषेच्या खाली आहे, काकू."

"खालीच असणार! हे घोरतात, मी माजघरात निजते. आणि कीर्तनाच्या वेळी मी चुलीपाशी." काकू हसल्या आणि परात ठेवून गेल्या. पण त्या संध्याकाळी प्रसादाचं काम सुनेवर सोपवून त्या पहिल्या रांगेत येऊन बसल्या, आणि पालुपद आलं तेव्हा सगळ्यांच्या आधी त्यांनी ते उचललं. बुवांची पुढची ओळ क्षणभर उशिरा आली.

कोर्टाच्या तारखेच्या आदल्या पहाटे शर्वाणीला स्वप्न पडलं. नदीवर सगळं गाव उताणं निजलं होतं. पाणी कुणाला बुडवत नव्हतं. बुवा होते, काकू होत्या, विहंगच्या तबल्याच्या वर्गातली पोरं होती, कधीच न पाहिलेली माणसं होती. आणि साऱ्यांच्या छात्या एकाच वेळी वर येत, एकाच वेळी खाली जात, आणि त्या हलण्यानं धुकं दोन्ही काठांना सारखं लागत होतं. मिहिका मधोमध होती. शर्वाणी तिच्याकडं पोहत निघाली, तर पोहण्याचा आवाज झाला आणि सगळ्यांचा श्वास थांबला. ती तिथंच थांबली. हात न हलवता, मुलीकडं बघत, पाण्यावर पडून राहिली. जाग आली तेव्हा उशी ओली होती.

कोर्टात बुवा साक्षीला उभे राहिले तेव्हा न्यायाधीश बाईंनी विचारलं, "आपलं लग्न होऊन किती वर्षं झाली?"

"पन्नास होतील."

"हे यंत्र म्हणतं, आपलं लग्न झालेलंच नाही."

"यंत्राला एकदा जेवायला बोलवा, साहेब. ही वाढते कशी ते बघेल, आणि मग बोलेल."

बाईंना हसू लपवायला चष्मा पुसावा लागला. डॉक्टरांनी लाटांचे आलेख समजावून सांगितले. एकत्र गाणाऱ्यांची हृदयं गाताना जुळतात हे जुनंच. ती झोपेतही जुळलेली राहतात हे कायदा करणाऱ्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. तासाभरात निकाल झाला. नोंद रद्द.

शर्वाणीनं डोळे मिटले. पलीकडच्या बाकावर प्रणित मान खाली घालून बसला होता. मिहिका बाहेर काकूंजवळ होती, तिच्या हसण्याचा आवाज दारातून येत होता.

"एकच राहिलं," न्यायाधीश बाई म्हणाल्या. "अशी नोंद पुन्हा होऊ नये म्हणून दोघांनी शपथेवर सांगायचं असतं, की आमच्यात दांपत्याचं नातं नाही. तोंडी चालेल."

"एक वाक्य आहे," रुबिनाताई कुजबुजल्या. "म्हणा, आणि लेकीला घेऊन घरी जा."

विहंग आधी उठला. तिला आधी उठावं लागू नये म्हणूनच उठला, हे तिला कळलं. "मी, विहंग रत्नाकर मेढेकर, शपथेवर सांगतो, की शर्वाणी आणि माझ्यात..."

इथं त्यानं श्वास घेतला. आणि त्याच जागी, न ठरवता, शर्वाणीनंही घेतला. चार महिन्यांचं वळण होतं ते. आता तो ओळ टाकणार, आणि ती तिला मागून उचलायची होती. तोंड तेच, ज्यानं ती रोज संध्याकाळी नाम उचलायची. उंबऱ्यात उभा राहिलेला आणि कोथिंबिरीबद्दल बोललेला माणूस तिला दिसला. ती ओळ तिला उचलता येईना.

"थांब," ती म्हणाली.

"शर्वाणी," विहंग न वळता हळूच म्हणाला, "मिहू बाहेर आहे. म्हणू दे मला."

"नको म्हणूस."

न्यायाधीश बाईंनी चष्मा चढवला. "बाई, तुम्ही आत्ता जिंकला आहात. पुढं बोललात तर हराल. मुलीच्या ताब्याचा प्रश्न पुन्हा उघडा होईल. समजतंय?"

"समजतंय, मॅडम. पण यंत्राचं कारण चुकलं, उत्तर बरोबर आलंय. हे माझ्या घरातले आहेत. चार वर्षं आहेत. मधे स्लॅब ठेवला तो मी, भीतीनं ठेवला. मुलीनं विचारलं, हे कोण, तर मी भाडेकरू सांगितलं. ती नऊ वर्षांची आहे, तिला खरं-खोटं कळतं. तिला घरी न्यायचं तर खोट्यावर पाय ठेवून नाही नेता येणार मला."

रुबिनाताईंनी कपाळाला हात लावला.

प्रणित उठला. "मला बोलायचंय." तो पूर्वी कोर्टात मोठ्यानं बोलत असे, आज त्याचा आवाज घसरला होता. "मी तिला रविवारी नेतो, संध्याकाळी सोडतो. बाग, आइस्क्रीम, सिनेमा. पाहुण्यासारखी वागते ती माझ्याशी, थँक्यू म्हणते. मॅडम, माझी मुलगी झोपल्यावर कशी दिसते, हे मी पाच वर्षांत पाहिलेलं नाही."

शर्वाणीनं इतकी वर्षं प्रणितला वाळूत काढलेल्या रेषेसारखं पाहिलं होतं, ओलांडू द्यायचं नाही असं. रेषेपलीकडं रात्री जागत एक माणूस बसलेला असेल, असं तिच्या मनात आलं नव्हतं.

न्यायाधीश बाई मिहिकाशी आतल्या खोलीत बोलल्या. बाहेर आल्या तेव्हा म्हणाल्या, "मी विचारलं, बाबांकडं राहशील का. म्हणाली, मी तिथं कधी झोपलेच नाही, मग तिथं झोप येते का हे मला कसं कळणार?"

हुकूम झाला. एक आठवडा आईकडं, एक बाबाकडं. रात्रींसकट. निम्म्या रात्री गेल्या. शर्वाणीनं ते ऐकलं, मान हलवली, आणि मग विहंगच्या बाहीला धरून खाली बसली.

"तुमची नोंद काय करू?" बाईंचा आवाज जरा मऊ झाला होता. "विवाह, की सहजीवन?"

विहंग म्हणाला, "ही ओळ टाकेल, मी साथ करीन."

"सध्या सहजीवन लिहा," शर्वाणी म्हणाली. "इतके दिवस लग्न केलं नाही ते कायद्याला भिऊन. आता कायद्यानं विचारलं म्हणून करणार नाही. करावंसं वाटेल त्या दिवशी देवासमोर करू, आणि मग तुम्हाला कळवू."

"बोलवा," बाई म्हणाल्या. "नुसतं कळवू नका."

पहिल्या शनिवारी दुपारी प्रणितची गाडी घाटाच्या वरच्या रस्त्याला येऊन थांबली. नदीवर मऊ ऊन पसरलं होतं आणि पाणी इतकं संथ होतं, की देवळाचं शिखर त्यात उलटं उभं राहिलं होतं. विहंगनं दप्तर आणि कपड्यांची पिशवी मागच्या सीटवर ठेवली. मिहिका पुढं बसून खिडकीची काच वर-खाली करत होती. गाडीच्या मागं दोघंच उभे होते, शर्वाणी आणि प्रणित. तो निघायचा थांबला होता.

"पांघरूण लाथेनं उडवते ती," शर्वाणी म्हणाली. "पहाटे गारठा असतो. उठून घालावं लागतं."

"बरं. गजर लावीन."

"गजरानं ती जागी होईल."

"मग मला कळणार कसं?"

तिनं नदीकडं पाहिलं. या प्रश्नाला काहीही उत्तर देता आलं असतं. जाड गोधडी शिव, मोजे घाल, असं काहीही.

"कळतं," ती म्हणाली. "पहिले काही दिवस नाही कळणार. ती कुडकुडेल आणि तू झोपलेला असशील. मग एका पहाटे काही कारण नसताना तुला जाग येईल. बघशील, तर पांघरूण नुकतंच खाली पडलेलं असेल."

प्रणितनं मान डोलावली. गाडीचं दार उघडलं, आणि पुन्हा वळला.

"आणखी काही?"

"झोपेत मधूनच 'आई' म्हणते."

"तेव्हा काय करायचं?"

"नुसतं 'हं' म्हणायचं," ती म्हणाली. "झोपेत तिला तेवढं पुरतं."